मुधोळची वाट आणि पिल्लाचा दाखला

बेळगावहून मुधोळला जाण्याच्या वाटा दोन. एक यरगट्टी-लोकापूरवरून जाते, दुसरी गोकाकवरून. ज्यांना केवळ पोहोचावयाचे आहे त्यांनी पहिली धरावी. आम्ही गोकाकची धरली. कारण श्रावण लागला होता, आणि श्रावणात घटप्रभेचे दर्शन न घेता पुढे जाणे म्हणजे नातलगांच्या दारावरून जाऊन आत न डोकावण्यासारखे आहे. गोकाकजवळ ही नदी सुमारे ५२ मीटर उंचीवरून खाली उडी घेते. पाणी गढूळ, तांबूस, उसाच्या रसाला उकळी आल्यासारखे. कड्यावर जुनी सूतगिरणी, नदीवर झुलता पूल आणि सगळ्यावर तुषारांचा पातळ पडदा. अर्धा तास तेथे उभे राहून आम्ही गावात आलो आणि रिवाजाप्रमाणे करदंट घेतले. डिंक, गूळ आणि सुका मेवा यांची ही मिठाई दातांची परीक्षा पाहते खरी. परंतु गोकाकहून रिकाम्या हाताने परतलेल्याला आमच्याकडे घरात कोणी विचारीत नाही.

गोकाक सोडले की सह्याद्रीचा ओलावा मागे पडतो. जमीन काळी होते, आभाळ मोठे होते. दोन्ही बाजूंना ऊस आणि मका. बैलगाड्यांची जागा आता ट्रॅक्टरांनी घेतली आहे. एकेका ट्रॅक्टरामागे दोन-दोन ट्रॉल्या आणि त्यांवर कानठळ्या बसविणारी गाणी. मुधोळ आले हे कळते ते घटप्रभा पुन्हा भेटते म्हणून. मात्र येथे ती शांत आहे. गोकाकला उडी घेणारी हीच, यावर विश्वास बसू नये इतकी शांत.

हे गाव आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. कन्नड वाचकाला मुधोळ म्हटले की प्रथम महाकवी रन्न आठवतो. दहाव्या शतकातील हा कवी याच परिसरातील बेळगली गावचा. मराठी वाचकाला मात्र आठवतात ते घोरपडे. घोरपडीच्या साहाय्याने किल्ला चढून गेलेल्या पूर्वजावरून हे आडनाव पडले, अशी त्या घराण्यातील कथा. बाजी घोरपडे आणि शहाजीराजे यांची कहाणी तर आमच्या पाचवी-सहावीतील मुलांनाही पाठ असते, आणि ती ऐकताना मुधोळविषयी त्यांच्या मनात फारसे प्रेम उरत नाही हेही खरे. तथापि पुढे हेच संस्थान १९४८ सालापर्यंत नांदले, आणि इतिहाससंशोधक दत्तात्रेय विष्णु आपटे यांनी या घराण्याचा इतिहास मराठीत लिहिला. सीमेवरील आम्हां लोकांचे असेच असते. आमचा इतिहास एका भाषेत, सातबारा दुसऱ्या भाषेत, आणि बाजारहाट दोन्हींत.

परंतु आमचे येणे इतिहासासाठी नव्हते. आम्ही आलो होतो कुत्र्याचे पिल्लू पाहावयास.

मुधोळचा कुत्रा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी चार शब्द. उंची खांद्याशी सव्वादोन फुटांच्या आसपास, अंग सडपातळ, छाती खोल, पोट पाठीला लागलेले, डोके लांब आणि निमुळते, पाय काठीसारखे. उभा असला म्हणजे उपाशी वाटतो. धावू लागला म्हणजे डोळ्यांचे पारणे फिटते. हा वासावर नव्हे, नजरेवर शिकार करणारा कुत्रा. अरबस्तान आणि मध्य आशियाकडून आलेल्या तांड्यांबरोबर याचे पूर्वज दख्खनेत उतरले असे मानतात, म्हणून सोलापूर-लातूरकडे याला कारवानी म्हणतात. ज्याच्या कानांवर आणि शेपटीवर रेशमी केस असतात तो पश्मी. या भागातील बेरड मंडळी शिकारीसाठी हे कुत्रे पाळीत. संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांची नजर त्यांवर गेली, त्यांनी निवडून पैदास करविली आणि एक जोडी इंग्लंडचे बादशहा पंचम जॉर्ज यांना नजर केली. तेव्हापासून मुधोळचे नाव त्याला चिकटले. भारतीय डाक खात्याने २००५ साली चार देशी कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांत हा होता. २०१६ साली याची पिल्ले लष्कराच्या मेरठ येथील केंद्रात प्रशिक्षणासाठी गेली, आणि २०२० साली पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील भाषणात देशी कुत्रे पाळण्याचे आवाहन करताना याचे नाव घेतले. एखाद्या गरीब घरच्या मुलाचे नाव अचानक गुणवत्ता यादीत यावे, तसे हे झाले. मग जे व्हायचे तेच झाले. मागणी वाढली, भाव वाढले, आणि पुण्या-बेंगळुरूच्या गाड्या शेताच्या बांधावर येऊन उभ्या राहू लागल्या.

पिल्लू हवे होते आमच्या आक्कांना. खानापूर तालुक्यात आक्कांचे शेतघर आहे. यजमान गेल्यापासून तेथे त्या एकट्या राहतात, आणि मुले कितीही बोलावीत असली तरी शहरात येण्यास राजी नाहीत. घराला राखण हवी. पूर्वी त्यांच्याकडे लॅब्रॅडॉर होता. थोरल्या भाच्याने हौसेने एका मोठ्या शहरातील ब्रीडरकडून आणला. पैसे भरपूर मोजले, कागदपत्रांची फाईलही भरपूर आली. पाच पिढ्यांची वंशावळ, कातडीखाली बसविलेल्या चिपचा पंधरा आकडी क्रमांक, लसींचे पुस्तक, डॉक्टरांचा ‘निरोगी आढळले’ असा दाखला. वर्ष-सव्वा वर्षाचा होईतो तो कुत्रा मागचे दोन्ही पाय एकत्र टाकून सशासारखा धावू लागला. पाहुणे हसत, आम्हां सर्वांना ती त्याची लाडिक खोड वाटे. मग तो जिना टाळू लागला. मग बसला की उठताना कण्हू लागला. बेळगावच्या डॉक्टरांनी क्ष-किरण चित्र काढले तेव्हा कळले, की मागच्या पायाच्या हाडाचा गोळा ज्या खोबणीत बसावयाचा ती खुब्याची खोबण दोन्ही बाजूंना उथळ होती. हा दोष बहुतांशी आईबापांकडून येतो. सहा वर्षे आक्कांनी त्याला सांभाळले. शेवटची दोन वर्षे तर पोटाखालून पंचा घालून उचलून बाहेर नेत होत्या. तो गेल्यावर त्यांनी सांगून टाकले, ‘आता कुत्रा आणायचा असेल तर आधी त्याचे आईबाप मला दाखवा. नाहीतर मी एकटी बरी.’

ती फाईल आम्ही नंतर निवांत वाचली. चौतीस वर्षे शाळेत दाखले लिहिण्यात आणि तपासण्यात गेल्यामुळे कागद वाचण्याची एक सवय जडली आहे. जावक क्रमांक, तारीख, शिक्का, खाडाखोड, जनरल रजिस्टराशी ताळमेळ. त्या फाईलमधील एकही कागद खोटा नव्हता. आश्चर्य वाटेल, परंतु नव्हता. वंशावळ खरी होती. ती सांगत होती की याचे आजोबा-पणजोबा कोण. लसीचे पुस्तक खरे होते. ते सांगत होते की याला अमुक दिवशी अमुक लस टोचली. डॉक्टरांचा दाखला खरा होता. तो सांगत होता की त्या दिवशी त्या पिल्लाला ताप, जुलाब, खरूज असे काही नव्हते. असाच दाखला कुत्रे रेल्वेने नेताना लागतो, आणि त्याची किंमत त्या प्रवासापुरतीच. त्याच्या आईबापांचे खुबे कसे आहेत, हे त्या गठ्ठ्यात कोणीच म्हटले नव्हते. आम्हीही प्रत्येक मुलाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक : चांगली’ असे लिहितो. ते वाचून मुलाविषयी कोणाला काही कळले आहे, असे आमच्या ऐकिवात नाही.

म्हणून या खेपेस निघण्यापूर्वी आम्ही आमच्या डॉक्टरांकडे दोन संध्याकाळी शिकवणी लावली. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड अशा जड कुत्र्यांच्या बाबतीत आईबापांच्या खुब्याचे क्ष-किरण चित्र पाहिल्याखेरीज पुढे बोलूच नये, असे ते म्हणाले. अमेरिकेत या कामासाठी १९६६ पासून एक संस्था आहे. ओ. एफ. ए. हे तिचे लघुनाम. तज्ज्ञ चित्र पाहून श्रेणी देतात. वरच्या तीन श्रेणी उत्तीर्ण, खालच्या अनुत्तीर्ण, मध्ये एक काठावरची. कायमचा दाखला कुत्रा चोवीस महिन्यांचा झाल्याशिवाय मिळत नाही, कारण सांधा पुरता घडण्यापूर्वीचे चित्र फसवू शकते. तेव्हा दीड वर्षाच्या बापाचा ‘कायमचा’ दाखला कोणी दाखविला तर तेथेच ओळखावे. दाखल्याच्या क्रमांकातच श्रेणीचे अक्षर, तपासणीच्या वेळचे वय महिन्यांत, आणि नर की मादी हे गुंफलेले असते. हा आमच्या परीक्षा क्रमांकांपेक्षा बराच शहाणा क्रमांक म्हणावा लागेल. डोळ्यांचा दाखला मात्र वर्षभरापुरता. काही रोगांसाठी आता रक्ताची किंवा गालातील लाळेची तपासणी होते, आणि तिचे उत्तर तीन प्रकारचे येते : निर्दोष, वाहक, बाधित. वाहक म्हणजे स्वतः धडधाकट, परंतु दोषाचे बीज अंगात बाळगणारा. दोन वाहकांची जोडी लावू नये. वाहकाची निर्दोषाशी लावली तर पिल्लांना तो रोग होत नाही. यावर डॉक्टरांनी एक वाक्य सांगितले ते आम्ही वहीत टिपून ठेवले : दाखला पिल्लाचा मागू नका, आईचा आणि बापाचा मागा, आणि त्यावरचा चिपचा क्रमांक समोर उभ्या असलेल्या कुत्र्याशी जुळवून पाहा.

‘आणि मुधोळ कुत्र्याचे काय?’ आम्ही विचारले.

तेथे प्रकरण निराळे आहे, असे ते म्हणाले. हलक्या अंगाच्या, धावणाऱ्या जातींत खुब्याचा दोष कमी आढळतो. तेथे पाहावयाचे ते हृदय. शिवाय डोळे, दातांची ठेवण, नर असल्यास दोन्ही अंड उतरले आहेत की नाही. मादीची जोडी लावण्यापूर्वी ब्रुसेलाची रक्ततपासणी झाली होती का. या रोगाने गर्भ पडतात आणि तो माणसालाही लागू शकतो. गोचिडांपासून होणारे ताप आपल्या भागात फार, तेव्हा आईचे रक्त तपासलेले असल्यास उत्तम. आणि सर्वांत महत्त्वाचे, आईबाप एकमेकांचे कोण लागतात. जात थोड्या गावांत सांभाळली गेली की घरातल्या घरात जोड्या लागतात, आणि दडलेले दोष वर येतात. दुसऱ्या बाजूला, वेग वाढावा म्हणून परदेशी ग्रेहाउंडाचे रक्त मिसळून ‘अस्सल मुधोळ’ म्हणून विकणारेही आहेत. म्हणजे एकीकडे अति जवळचे, दुसरीकडे अगदी परके, दोन्हीकडे सांभाळावयाचे. भुलीचीही एक गोष्ट त्यांनी बजावली : या जातीच्या अंगात चरबी फार कमी, त्यामुळे जुन्या पद्धतीची बार्बिट्युरेट भूल दिल्यास तिचा अंमल उतरण्यास फार वेळ लागतो, शस्त्रक्रियेची वेळ आलीच तर डॉक्टरांना जात आधी सांगावी.

एवढी शिदोरी घेऊन आम्ही मुधोळला उतरलो होतो.

पहिले ठिकाण गावाला लागूनच होते. नाव घेत नाही. पक्की इमारत, बाहेर मोठा फलक, आत जाळीच्या खोल्या. पिल्ले वीस तरी असावीत, आणि मुधोळबरोबर इतर चार जातींचीही. मालक अगत्यशील. चहा आला, भ्रमणध्वनीवर मोठमोठ्या गिऱ्हाइकांची छायाचित्रे दाखविली गेली. ‘सर, सगळे पेपर्स आहेत,’ असे ते तीनदा म्हणाले. आम्ही आई पाहावयास मागितली. ती ‘दुसऱ्या शेतावर’ होती. बाप? तो ‘पार्टीचा’. लसीचे पुस्तक मागितले. तीन तारखांच्या तीन नोंदी एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या होत्या, आणि कुपीवरची चिकटपट्टी एकाही नोंदीपुढे नव्हती. लस टोचल्यावर डॉक्टर ती पट्टी काढून पुस्तकात चिकटवितात. तिच्यावर लसीचे नाव, तुकडीचा क्रमांक आणि मुदत असते. वार्षिक तपासणीच्या आदल्या रात्री भरलेले हजेरीपत्रक कसे दिसते, हे आम्हांस कोणी सांगावयास नको. पिल्लू सहा आठवड्यांचे होते आणि आजच घेऊन जा असा आग्रह होता. कुत्र्यांच्या पैदाशीविषयीचे केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आठ आठवड्यांखालील पिल्लू विकू देत नाहीत, आणि पैदास करणाऱ्याने राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करून तो दाखला दर्शनी लावावा असे सांगतात. भिंतीवर दिनदर्शिका होती, देवांच्या तसबिरी होत्या, दाखला नव्हता. आम्ही चहाचे आभार मानून उठलो.

तेथून तिम्मापूर. मुधोळच्या जवळच बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन आणि माहिती केंद्र आहे, ते केवळ या जातीसाठी. मुधोळला येणाऱ्याने पिल्लू घ्यावयाचे असो वा नसो, हे ठिकाण पाहावे. आम्हांस तेथे प्रौढ कुत्रे पाहावयास मिळाले, आणि अस्सल ठेवण कशी असते याचा डोळ्यांना सराव झाला. बाजारात सोने घेण्यापूर्वी कसोटीचा दगड पाहून यावा तसे. बरगड्या शेवटच्या तीन-चार दिसाव्यात, परंतु कंबरेची हाडे टोचू नयेत. अंगाला तकाकी असावी. पाय पुढून सरळ. परका माणूस आला की हे कुत्रे शेपटी हलवीत अंगावर येत नाहीत. दोन पावले मागे सरून तुमचे मोजमाप घेतात. आक्कांच्या स्वभावाशी हे जुळेल असे आमच्या मनात येऊन गेले.

तिसरे ठिकाण होते एका शेतकऱ्याचे घर. आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांनी पत्ता दिला होता. उसाच्या दोन पट्ट्यांमधून बैलवाट जाते, तिच्या टोकाला कौलारू घर, पुढे शेणाने सारवलेले अंगण. ‘बर्री सर, कूड्री,’ म्हणून शेतकऱ्याने घोंगडी पसरली. वय चाळिशीचे, भाषा कन्नड, त्यात आजीकडून आलेले मराठी. आजी जमखंडीकडील मराठा घरची, असे त्यांनी सांगितले. आम्ही कन्नडात विचारावे आणि त्यांनी हट्टाने मराठीत उत्तर द्यावे, असे बराच वेळ चालले.

नोंदणीचा दाखला पडवीत काचेखाली होता. पिल्ले पाच, वय सात आठवडे. आई तेथेच पडवीच्या कोपऱ्यात पोत्यावर पडली होती, आणि पिल्ले तिच्या अंगावरून उड्या मारीत होती. आईचे वय तीन वर्षे, ही दुसरी वेत. वर्षातून एकदाच, असे त्यांनी आपण होऊन सांगितले. अठरा महिन्यांच्या आतील मादीची जोडी लावू नये आणि बारा महिन्यांत एकाहून अधिक वेत घेऊ नये हा नियमच आहे. परंतु नियम पाळणारा तो आपण होऊन सांगतो आणि न पाळणारा विचारल्यावर रागावतो, हा आमचा शाळेतील अनुभव येथेही खरा ठरला.

मग त्यांनी वही आणली. साधी, दोनशे पानी, शाळेतील वहीसारखी. तिच्यात त्यांच्या घरातील प्रत्येक कुत्र्याचे एक पान होते. चिपचा क्रमांक, आईबाप, आजी-आजोबा, कोणत्या गावचे, कोणाचे. बाप बिळगी तालुक्यातून आणलेला. आईच्या घराण्याशी तीन पिढ्यांत नाते नाही. आईच्या आणि बापाच्या पानाला जोडीपूर्वीची डॉक्टरांची तपासणी आणि ब्रुसेलाचा अहवाल टाचलेला. आम्ही चष्मा लावून क्रमांक जुळविले. ते आमच्याकडे पाहून हसत होते. ‘सर, पोरांचे पेपर तपासता तसेच करता,’ ते म्हणाले. अहवालावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक होता. आम्ही त्यांच्या समक्ष डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी ‘हो, तपासणी मीच केली’ असे सांगून तारीखही बरोबर सांगितली. असा फोन लावण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. आम्हांलाही इतर शाळांतून दाखल्यांच्या पडताळणीची पत्रे येतात, आणि खरा दाखला देणाऱ्याला त्यांचा राग येत नाही.

त्यानंतर त्यांनी आमची परीक्षा घेतली. घर किती मोठे, कुंपण किती उंच, शेजारी कोंबड्या आहेत का, कुत्र्याला दिवसभर साखळीने बांधणार का, बाई एकट्या असतात तर आजारी पडल्यास कुत्र्याला कोण पाहील. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देताना आम्ही थोडे थांबलो. आपण पाहू, असे आम्ही म्हणालो. तेही त्यांनी वहीत लिहून घेतले.

आक्कांना भ्रमणध्वनीवर पिल्ले दाखविली. पाचांतील एक मादी, फिकट बदामी रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका असलेली, इतरांपासून दूर बसून आमच्या चपलांकडे पाहत होती. ‘ती,’ आक्का लगेच म्हणाल्या. ‘ती शहाणी दिसते.’

शेतकरी गप्प झाले. मग त्यांनी वहीचे शेवटचे पान उघडले. पाचही पिल्लांना गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी तपासले होते, पहिली लस त्याच दिवशी टोचली होती, पुढे चिकटपट्ट्या होत्या. चार पिल्लांपुढे ‘ठीक’. बदामी पिल्लापुढे लिहिले होते : हृदयात मर्मर, सहापैकी दुसरी पायरी, सोळा आठवड्यांनी पुन्हा ऐकणे.

ठोक्याबरोबर एक हलकी फुरफुर ऐकू येते, तिला मर्मर म्हणतात. वाढत्या पिल्लांत ती पुष्कळदा निरुपद्रवी असते आणि चार-पाच महिन्यांपर्यंत आपोआप नाहीशी होते. क्वचित ती हृदयाच्या जन्मजात दोषाची खूण असते. आज कोणालाच सांगता येणार नव्हते. त्या शेतकऱ्यांनी ते पान उलटले नसते तर आम्हांस कळण्याचा मार्ग नव्हता. आईबापांचे सर्व दाखले चोख होते.

‘दुसरे कोणतेही न्या, आठ आठवडे झाले की,’ ते म्हणाले. ‘हिला आत्ता देणार नाही. पैसे घेऊन देणार नाही, फुकटही देणार नाही.’

आक्का फोनवर सारे ऐकत होत्या. पलीकडे बराच वेळ केवळ पावसाचा आवाज येत राहिला. आम्ही त्यांना काही सुचविले नाही. मागच्या कुत्र्याची ती दोन वर्षे आमच्याही डोळ्यांपुढे होती, आणि धडधाकट चार पिल्ले आमच्या पायांत घोटाळत होती. शेवटी त्या म्हणाल्या, ‘अरे, त्यांना सांग, मी थांबते. डॉक्टर पुन्हा काय म्हणतात ते ऐकू. हृदय बरे असेल तर तीच. नसेल तर ते म्हणतील ती.’ शेतकऱ्यांनी विसार घेतला नाही. केवळ वहीत त्या पिल्लापुढे खानापूर असे लिहिले.

परतताना आम्ही लोकापूरची सरळ वाट धरली. रात्र पडली होती आणि ट्रॅक्टर दिव्यांशिवाय येत होते. या रस्त्याने रात्री जाणाऱ्यांनी जपून जावे.

दसऱ्याच्या सुटीनंतरच्या एका रविवारी पुन्हा गेलो. या वेळी आक्का बरोबर होत्या, आणि गोकाकला थांबण्यास त्यांनी साफ नकार दिला. पिल्लू सोळा आठवड्यांचे झाले होते, पाय लांब झाले होते, कपाळावरचा ठिपका तेवढाच होता. डॉक्टर शेतावरच आले. अंगणात घोंगडीवर तिला उभे करून त्यांनी डावीकडून ऐकले, उजवीकडून ऐकले, थोडे पळविले आणि पुन्हा ऐकले. या सबंध वेळात आक्का तुळशीवृंदावनाकडे तोंड करून उभ्या होत्या. डॉक्टरांनी नळी कानांतून काढली आणि मांडीवर कागद ठेवून लिहिले : चिपचा क्रमांक अमुक, आजच्या तपासणीत मर्मर ऐकू येत नाही, वर्षाने पुन्हा तपासावे. खाली सही, नोंदणी क्रमांक, तारीख.

तो कागद आक्कांनी दोनदा वाचला आणि ‘वर्षाने’ या शब्दावर बोट ठेवून नक्की कोणता महिना, असे विचारले. डॉक्टरांनी महिना लिहून दिला. रेबीजची लस तिला बाराव्या आठवड्यातच दिली होती. तिची पट्टी पुस्तकात होती. शेतकऱ्यांच्या पत्नीने पिल्लाच्या पोत्याचा एक तुकडा फाडून बरोबर दिला, आईचा वास राहावा म्हणून. ती मागच्या आसनावर त्या तुकड्यावर बसली आणि यरगट्टीपर्यंत खिडकीतून उसाकडे पाहत राहिली.